तेवढे बदलून द्या!

लग्न ठरले की आमच्याकडे कामांची वाटणी होते. ही वाटणी कोण करतो आणि केव्हा करतो हे कधी कुणाला कळत नाही. पण साखरपुड्याचे पेढे संपायच्या आत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आलेले असते. ज्याला तिखटमिठाची पारख त्याच्याकडे आचारी, ज्याच्या ओळखी फार त्याच्याकडे बिछायत केंद्र, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बँड, आणि ज्याला मोटारसायकल चालवता येते त्याच्याकडे पत्रिका वाटणे. गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. त्यात माझ्या वाट्याला फुले आली. फुलेच का, असे विचारले तर मोठे काका म्हणाले, "तू आर्ट्‌सले आहेस ना? कविता शिकतं न बाप्पा? मंग फुलाचं तुलेच समजन!"

कवितेतले फूल आणि किलोने विकत घ्यायचे फूल यांच्यात किती अंतर असते, हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. कवितेतले फूल शंभर वर्षे टवटवीत राहते. वैशाखात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला म्हणजे किलोच्या फुलाला दुपार काढणेही कठीण जाते. या एका गोष्टीवर फुलांचा सगळा व्यवहार उभा आहे, आणि लग्नघरातील मंडळी नेमकी हीच गोष्ट विसरतात. मांडवाचे बांबू चार दिवस पडून राहिले तरी बांबूच राहतात. बुंदीचे लाडू दोन दिवस आधी करून ठेवता येतात. फुलाला मात्र आधीही चालत नाही आणि नंतरही चालत नाही; त्याची वेळ ठरलेली असते. असे असूनही मांडवात उभे राहून "तेवढं बदलून द्या ना भाऊ!" असे आपण ज्याला सर्वांत सहज म्हणतो, तो फुलवालाच!

आमचे वडनेर हिंगणघाट तालुक्यात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. जुनी माणसे अजूनही त्याला ७ नंबरचा रस्ता म्हणतात. कागदोपत्री तो आता ४४ नंबरचा झाला असून श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. सारा देश या रस्त्याने रात्रंदिवस धावत असतो, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या जमिनीत पिकतो तो कापूस, सोयाबीन आणि तूर. फुले म्हणजे कुणाच्या विहिरीजवळचा दहा-वीस गुंठ्यांचा झेंडू, तोही बहुधा दसरा-दिवाळीपुरता. उन्हाळ्यात झेंडू टिकवणारा शेतकरी विरळा. मोठ्या लग्नाची फुले आणायची म्हणजे हिंगणघाटच्या फुलवाल्याला गाठायचे, आणि त्याने पहाटे उठून नागपूरला सीताबर्डीच्या फुलबाजारात जायचे. जरबेऱ्यासारखी नखऱ्याची फुले तर त्या बाजारातही दुरून येतात. ती पुण्याकडच्या, बंगळूरकडच्या हरितगृहांत वाढतात; ऑर्किड बऱ्याचदा थेट थायलंडहून येते. म्हणजे वडनेरच्या मांडवात लटकणारे एक जांभळे फूल आपल्या गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त प्रवास करून आलेले असते!

लग्नाच्या तीन आठवडे आधी बाबांना घेऊन मी हिंगणघाटला गेलो आणि ऑर्डर दिली. झेंडू ६० किलो, केशरी आणि पिवळा मिळून. त्यातला २५ किलो स्टेजच्या मागच्या पडद्यासाठी, बाकीचा दरवाजा, मांडव आणि घरच्या तोरणांसाठी. मोगऱ्याच्या दोन वरमाला. मानकऱ्यांच्या स्वागताला निशिगंधाचे ४० हार. बायकांसाठी गजरे. फुलवाल्या भाऊंनी हे सगळे एका लांबट वहीत लिहून घेतले. त्यांनी पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली होती आणि सगळे डाव्या बाजूला लिहिले. उजवी बाजू कोरी का, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, "थे तुमच्यासाठीच ठेवली जी. लगन हाये, बदल तं होईनच."

बाबांनी ५००० रुपये इसार दिला आणि आम्ही परतलो.

पहिला बदल १२ दिवस आधी झाला. ऊन फार म्हणून वरपक्षाने सकाळचा मुहूर्त सोडून संध्याकाळचा धरला. मी त्याच दिवशी फोन केला. भाऊ उलट खूष झाले. त्यांनी समजावून सांगितले की, मोगऱ्याच्या कळ्या पहाटे, ऊन चढायच्या आत खुडतात आणि त्या त्याच दिवशी संध्याकाळी उमलू लागतात. सकाळच्या लग्नात मोगऱ्याची वरमाला म्हणजे मिटलेल्या कळ्यांची माळ. संध्याकाळच्या लग्नात ती नवरीच्या गळ्यात पडता पडता उमलते. हा बदल वहीच्या उजव्या बाजूला एका ओळीत मावला आणि कुणाचा एक पैसाही वाढला नाही. वेळेवर सांगितलेला बदल हा बदल वाटतच नाही, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरा बदल लग्नाच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी आला. नवरदेवाच्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र पाठवले. कुठल्याशा मोठ्या शहरातले स्टेज, मागे पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांचा पडदा, आणि खाली मजकूर, "झेंडू नको, असे हवे." आमच्या घरात शांतता पसरली. मुलीकडच्यांना ‘नको’ म्हणता येत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे अजून ठाण मांडून आहे. काका म्हणाले, "फोटो पाठवून दे फुलवाल्याले. त्याचं कामच हाये थे."

मी छायाचित्र पाठवले, आणि पाठोपाठ फोनही केला. फुलवाल्याला नुसते छायाचित्र पाठवणे म्हणजे डॉक्टरला नुसता खोकून दाखवण्यासारखे आहे. बाकीचे सगळे बोलावेच लागते. भाऊ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबा, हिशेब करू द्या." तो हिशेब त्यांनी मोठ्याने केला म्हणून मला कळला. साठांपैकी ३५ किलो झेंडू जवळच्याच एका शेतकऱ्याकडचा होता. तो शनिवारी सकाळी तोडायचा होता, आणि त्या शेतकऱ्याने दुसऱ्या कुणाला शब्द दिलेला नव्हता. उरलेला २५ किलो भाऊ स्वतः शनिवारी पहाटे नागपूरला घेणार होते. तो अजून कुणाचाच नव्हता. "शेतकऱ्याचा माल नाही सोडत मी. त्यानं माह्या भरवशावर फुलं ठेवली. नागपूरचे पंचवीस कमी करतो, त्याच्या जागी जरबेरा घेतो. पण त्याचे पैसे आज रातीच लागतीन. तिकडं नगदी हाये." पैसे त्या रात्री पाठवले. खर्च साडेसहा हजारांनी वाढला.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट मला ही वाटते की, कमी कुठून करायचे हे ठरवताना त्यांनी भाव पाहिला नाही, शब्द पाहिला. गावचा झेंडू सोडला असता तर कदाचित त्यांना सोपेच गेले असते. नागपूरची खेप तर होणारच होती. पण उन्हाळ्यात विहिरीचे पाणी पाजून जगवलेली ३५ किलो फुले शनिवारी सकाळी त्या शेतकऱ्याने कुणाला विकली असती?

तिसरा बदल शनिवारी रात्री नऊ वाजता आला, आणि तो एकटा आला नाही. नवरदेवाच्या काकांचा बाबांना फोन आला. मानकरी वाढले, तेव्हा हार ४० ऐवजी ७५ करावेत. वरमाला मोगऱ्याच्या नकोत, लाल डच गुलाबाच्या हव्यात. आणि स्टेजचे म्हणाल तर पोरांचा विचार पुन्हा बदलला आहे. आता त्यांना ‘पारंपरिक’ हवे, म्हणजे झेंडूच बरा!

या ‘पारंपरिक’ शब्दाची मला नंतर पुष्कळ गंमत वाटली. दसऱ्याचा, दिवाळीचा, लग्नाचा म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो तो झेंडू मुळात अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या बाजूचा. युरोपीय जहाजे इकडे येऊ लागल्यानंतर तो आपल्या देशात आला. मानकऱ्यांच्या गळ्यातला निशिगंधही तिकडचाच. आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या मांडवात केव्हातरी कुणीतरी प्रथमच झेंडू लावला असेल, आणि तेव्हाही कुणी म्हातारे ‘हे काय नवीन?’ म्हणून कुरकुरले असेल. बदलाला माझा विरोध नाही. परंपरा हीसुद्धा बदलूनच झालेली असते. पण तो बदल पचायला शंभर-दोनशे वर्षे मिळाली होती. आम्हाला बावीस तास होते.

फोनवर हे बोलण्यासारखे नव्हते. चुलतभावाला मागे बसवून मी मोटारसायकलने हिंगणघाटला निघालो. भाऊंचे दुकान रस्त्यावर आहे, पण हार तिथे होत नाहीत. ते त्यांच्या घराच्या पडवीत होतात. रात्री साडेदहाला मी तिथे पोहोचलो तेव्हा पाच बाया जमिनीवर बसून सुईदोऱ्याने झेंडूच्या लडी ओवत होत्या. मध्ये फुलांचा ढीग आणि बाजूला ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या तयार लडी होत्या. झेंडूचा ढीग फार उंच करायचा नाही, आत ऊब धरते आणि फूल काळे पडते, म्हणून एक मुलगा ढीग सारखा हाताने पसरत होता. भिंतीजवळ पाण्याच्या बादल्यांमध्ये दहा-दहाच्या जुड्यांनी बांधलेला जरबेरा उभा होता. त्याचा दांडा पोकळ असतो. पाणी तुटले की मान टाकतो. त्या सगळ्या फुलांत मला गंध असा आला नाही. ओल्या पाल्याचा आणि चहाचा वास तेवढा होता.

मी तिन्ही बदल सांगितले. भाऊंनी वही उघडली, पण लिहिले काहीच नाही. म्हणाले, "बसा भाऊ. एक गोष्ट समजून घ्या. झाडावरचं फूल बदलवता येते. पाटीतलं फूल विकता येते, घाट्यात का होईना. दोऱ्यातलं फूल मात्र ना बदलवता येत, ना विकता येत. आता तुम्हीच सांगा, तुमचं काय काय कुठं कुठं हाये?"

तो प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. परीक्षेत असा एखादा प्रश्न आला तर बरे होईल. मी पडवीभर नजर फिरवली आणि उत्तर दिले. जरबेरा बादलीत होता, म्हणजे पाटीतला. तो रविवारी सकाळी कुठल्यातरी दुसऱ्या लग्नाला निम्म्या भावात गेला असता. पण त्याच्या जागी लावायला झेंडू कुठे होता? नागपूरचा २५ किलो आम्हीच कमी करायला लावला होता, आणि गावचा ३५ किलो बायांच्या दोऱ्यात गेला होता. म्हणजे स्टेजचा पडदा पांढरा-जांभळाच राहणार. हे कुणाच्या हट्टामुळे नव्हे, फुलांमुळेच ठरले.

वाढीव ३५ हारांचे काय? निशिगंध मोजून ४० हारांपुरताच आणलेला होता. पण गजऱ्यांसाठी आणलेली काही फुले शिल्लक राहणार होती, आणि मागच्या दारासाठी ठरलेला झेंडू अजून ओवायचा होता. मागच्या दाराला आंब्याची पाने पुरतील, मग तोच झेंडू हारांना वापरता येईल, असे भाऊंनी सुचवले. मात्र मोकळ्या फुलांचे हार ओवायला आणखी दोन-अडीच तास लागणार, आणि ते तास भाऊंचे नव्हते, त्या बायांचे होते. त्यांना हारामागे ठरलेले पैसे मिळतात. भाऊंनी मला सरळ त्यांच्याकडेच वळवले. "त्यायलेच विचारा. मी हो म्हणून काय होते?"

मी विचारले. सर्वांत वयस्क होत्या त्या मावशींनी सुई केसांत खोचली आणि म्हणाल्या, "किती वाढले रे बाबू? पस्तीस? मले पाच वाजता घरी सयपाक हाये. बसू, पण हाराले दोन रुपये जास्त लागतीन, न मंग एक चहा." दुसरी म्हणाली, "अन् मांडवात कोनी असं म्हनू नोका का हार उशिरा आले." सगळ्या हसल्या. बोलणे तेवढ्यावर ठरले. ते पैसे मी तिथेच, त्यांच्या हातात दिले. बिलात घालून मागाहून दिले असते तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नसते असे नाही. भाऊ तसे नव्हते. पण जागरण त्यांचे होते, म्हणून व्यवहारही त्यांच्याशीच व्हावा असे मला वाटले.

पुण्याच्या गोऱ्हे घराण्याची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. साताऱ्याकडच्या कटगुणचे हे कुटुंब. पेशवाईच्या अखेरच्या काळात दरबाराला हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. पेशव्यांची मर्जी बसून त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली, आणि धंद्यावरून लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले. महात्मा जोतीराव फुले या घराण्यातले. आडनाव म्हणून हा शब्द आपण इतक्यांदा उच्चारतो की त्यामागे एक धंदा होता हे लक्षात राहत नाही. त्या रात्री पडवीत बसून माझ्या मनात आले की, पेशव्यांच्या वाड्यातूनही रात्री-अपरात्री निरोप जातच असतील: अमुक सरदार येणार आहेत, हार वाढवा, गादी मोगऱ्याची नको, जाईची करा. तिथे ‘आता शक्य नाही’ असे म्हणण्याची कुणाची छाती होती? इतिहासाने इनामाची नोंद ठेवली. जागरणांची नोंद कुणी ठेवत नाही.

याच जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावून दिला, भटजीवाचून आणि थोडक्या खर्चात. फुलांच्या धंद्यातून नाव मिळालेल्या घरातल्या माणसाने लग्नातला डामडौल कमी करायला सांगावे, याचा अर्थ मला त्या पडवीत जरा अधिक समजला. आणि आपल्या जिल्ह्याला तर याहून जवळचे उदाहरण आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या सेगावला, राहायला आले. त्यांच्या सहवासातल्या लग्नांत वधूवर एकमेकांना हातसुताचे हार घालीत. सुताचा हार सुकत नाही. मुहूर्त पुढे गेला तरी चालतो, आणि मागाहून त्याचे कापडही विणता येते. मात्र मी हे घरी सुचवले असते तर काकांनी मला आर्ट्‌समधून काढून दुसरीकडे घातले असते, हे खरे!

राहिल्या वरमाला. मोगऱ्याच्या कळ्या अजून झाडावरच होत्या. पहाटे खुडायच्या होत्या. डच गुलाब बाजारात मिळण्यासारखा होता. म्हणजे भाऊंच्या नियमाप्रमाणे हा बदल करता येत होता. मी तसे म्हणालोही. तेव्हा वहीतून डोके वर न काढता त्यांनी विचारले, "नवरीले विचारलं का?"

मला काही उत्तर देता आले नाही. तीन आठवड्यांत या फुलांवर किती जण बोलले होते! बाबा, काका, नवरदेवाचे काका, मित्र, मित्रांचे मित्र. ज्यांच्या मानाला काही लागणार होते त्या सर्वांनी आपापले मत दिले होते. ताई घरातच होती, शेजारच्याच खोलीत. तिला कुणी विचारले नव्हते, आणि तिने कुणाला सांगितले नव्हते. मोगरासुद्धा पहिल्या यादीत आईनेच लिहायला लावला होता.

रात्री अकरा वाजता मी ताईला फोन लावला. तिच्या दोन्ही हातांवर मेंदी होती, म्हणून मामेबहिणीने फोन तिच्या कानाशी धरला. मी म्हणालो, "ताई, वरमाला गुलाबाची करायची की मोगऱ्याची? तू सांगशील तसं." पलीकडे काही क्षण आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मोगराच राहू दे." आणि थोडे थांबून, "तू आत्ता हिंगणघाटात आहेस? जेवलास का?"

आमच्या घरात बहिणीने फुलांबद्दल उच्चारलेले हे एकमेव वाक्य. भाऊंनी ते वहीच्या उजव्या बाजूला लिहिले: ‘वरमाला मोगरा, कायम.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नवरदेवाच्या काकांना फोन केला. बाबांना असे बोलणे जमत नाही. फोन करण्याआधी ते दोनदा अंगणात जाऊन आले. म्हणाले, "काकाजी, राम राम. तुमचा शब्द मोडाची आमची इच्छा नाही जी. हार पंच्याहत्तर झाले. पण स्टेजचं आता होत नाही, अन् वरमालेचं पोरीच्या मनात मोगरा हाये." पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. काकाजी म्हणत होते, "अहो, पोरांनी सांगितलं म्हणून मी आपलं म्हटलं. पोरीच्या मनातलंच करा." ज्या ‘नाही’च्या धास्तीने आम्ही साडेसहा हजार रुपये आणि एक रात्र घातली, तो ‘नाही’ अर्ध्या मिनिटात पार पडला. मला वाटते, पुष्कळसे ऐनवेळचे बदल असेच असतात. ते कुणालाच फारसे नको असतात. एकाला सुचतात, दुसरा ते पुढे पोहोचवतो, तिसरा ते आज्ञा म्हणून ऐकतो, आणि शेवटी पडवीत बसलेल्या बायांच्या सुईत येऊन थांबतात.

लग्न झाले. मोगरा संध्याकाळी उमलला. स्टेज पांढरे-जांभळे होते आणि दरवाजा केशरी. ‘दोन्ही रंग छान जमवले’ म्हणून पाहुण्यांनी वाखाणणी केली. काकांनी ती स्वतःकडे घेतली.

बिलाच्या दिवशी थोडी बोलाचाली झाली. काकांचे म्हणणे असे की, एवढी मोठी ऑर्डर दिली, मग जरबेऱ्याचे जास्तीचे पैसे फुलवाल्याने निम्मे तरी सोसावेत. एकदा लग्न पार पडले की फुलवाला काय करणार? त्याची फुले तर सुकली! यावर बाबा जे बोलले ते मी लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, "गाडी खाली झाल्यावर भाव पाडला म्हंजे कसं वाटते, थे मले माहीत हाये. आपला कापूस तरी घरी परत नेता येते. त्याचं फूल कुठं नेईन तो?" कापूस पिकवणाऱ्या माणसाला फुलवाल्याची अडचण समजायला कुठले पुस्तक लागले नाही. काका गप्प बसले. त्यांनीही आयुष्यभर कापूसच विकला आहे.

भाऊंनी वही पुढे केली. डावीकडे ठरलेले, उजवीकडे बदललेले, आणि प्रत्येक बदलापुढे तारीख आणि वेळ. तळाशी एक वजाबाकी होती. स्टेजवरून उरलेल्या जरबेऱ्याच्या काही जुड्या त्यांनी दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याला विकल्या होत्या, त्याचे ४०० रुपये आमच्या बिलातून कमी केले होते. आम्ही मागितले नव्हते. आम्हाला कळलेही नसते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या ६२ व्या कलमात या वहीचेच तत्त्व आहे: करार करणाऱ्यांनी मिळून जुन्याच्या जागी नवा करार केला किंवा त्यात बदल केला, तर जुना पाळण्याचे बंधन उरत नाही. यातला ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा. एकाने छायाचित्र पाठवले आणि दुसऱ्याने घाबरून मान डोलावली, याला मिळून म्हणत नाहीत. तेव्हा माझ्यासारख्या ज्या मित्रांच्या वाट्याला उद्या ‘फुलांचे खाते’ येईल, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. निरोप देणारा एकच माणूस असावा. बदल सुचताक्षणी सांगावा, सकाळपर्यंत थांबू नये. ‘होईल का?’ असे विचारू नये, कारण फुलवाला सवयीने ‘होऊन जाईन’ म्हणतो. माल झाडावर आहे, पाटीत आहे की दोऱ्यात आहे, असे विचारावे. वाढणारा खर्च त्याच वेळी ठरवून लिहून घ्यावा. आणि सर्वांच्या आधी, ज्यांचे लग्न आहे त्यांना विचारावे.

हे सांगायला आणखीही एक निमित्त आहे. आपले स्नेहसंमेलन जवळ आले की दरवर्षी प्रमुख पाहुणे आदल्या रात्री बदलतात. एकाचे दोन होतात, दोनाचे पाच होतात, आणि सकाळी आठ वाजता कुणीतरी सायकलवर टांग टाकून फुलवाल्याकडे धावतो. यंदा स्वागत समितीत माझे नाव आहे, असे कळते. समितीच्या सदस्यांना माझी नम्र विनंती आहे की, पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत पक्की करावी. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मान्यवराचे मी मनापासून स्वागत करीन, पण एक गुलाब देऊन.